तळ्यावरच्या बोटीचे तीन चालक

वकिलांनी टेबलाच्या मधोमध स्टेपलर ठेवला. "ही तुमची बोट," ते म्हणाले. मग त्यांनी एक खोडरबर उभा केला. "हा धक्क्याचा खांब." आणि डबीतली एक टाचणी काढून ती स्टेपलरच्या नाकाशी ठेवली. "आणि ह्या तुम्ही."

तिने टाचणीकडे पाहिलं. तिचा उजवा हात मांडीवर होता, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत पट्टीत जखडलेला. अपघाताला सात आठवडे झाले होते.

"आता बोट पुढे सरकली." वकिलांनी स्टेपलर ढकलला. टाचणी सरळ खोडरबरात घुसली. "अरेरे, माफ करा." त्यांनी घाईघाईने ती उपसून काढली. "मुद्दा असा, की ह्या क्षणी बोट चालवत कोण होतं?"

"मला माहीत नाही. मी पुढे बसले होते. माझी पाठ होती सगळ्यांकडे."

"तुम्हाला माहीत नाही. पण बाकी सगळ्यांना पक्कं माहीत आहे. तीच तर पंचाईत आहे." त्यांनी फाइलमधून तीन कागद काढले आणि पत्त्यांसारखे ओळीने मांडले. "हा विमा कंपनीच्या तपासनिसाने इस्पितळात घेतलेला तुमच्या मिस्टरांचा जबाब. 'बोट मी चालवत होतो.' हा तुमच्या दिरांचा. 'बोट मी चालवत होतो.' आणि हा तुमच्या सासऱ्यांचा. ह्यांनी तर 'बोट मीच चालवत होतो' असं लिहून 'मीच'खाली रेघ मारलीय. पस्तीस वर्षं वकिली करतोय. 'मी तिथे नव्हतोच' म्हणणारे ढिगाने पाहिले. सुकाणूच्या एका चाकावर तीन माणसं हात वर करून उभी, हे पहिल्यांदाच बघतोय."

"आमच्याकडे असंच असतं," ती म्हणाली.

"काय असंच असतं?"

हे कसं सांगायचं, ते तिला कळेना. तिच्या माहेरी काही बिघडलं की प्रत्येकाचं पहिलं वाक्य 'मी नाही हं' असायचं. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात दूध उतू गेलं, तर स्वयंपाकघरात आरोपींची रांग लागली. सासूबाई म्हणाल्या, माझंच चुकलं, मी गॅस मोठा ठेवला. नवरा म्हणाला, माझंच चुकलं, मी तुला फोनवर बोलत ठेवलं. धाकटे भावजी अंघोळ करत होते; ते टॉवेल गुंडाळून आतूनच ओरडले, माझंच चुकलं, मी दूध आणलं तेव्हाच तापवायला हवं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, काय भाग्याचं घर आहे! कोणी कोणाकडे बोट दाखवत नाही. बारा वर्षं ती त्या भाग्यात न्हाऊन निघाली होती. आता त्याचे तीन छापील नमुने समोर पडले होते, आणि त्यांचं काय करायचं ते कोणालाच समजत नव्हतं.

"एक चौथाही आहे," वकील म्हणाले. "तुमच्या सासूबाईंचा. त्या बोटीवर होत्या?"

"नाही. घरी होत्या."

"मग?"

"खाण्याची पिशवी त्यांनी भरून दिली होती."

वकिलांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि तो चौथा कागद फाइलमध्ये परत ठेवला. मग त्यांनी तिच्यापुढचे रस्ते सांगायला घेतले. ती प्रयोगशाळेत काम करणारी बाई. तिने डाव्या हाताने वही उघडली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत उतरवायला लागली.

नवरा चालवत असेल, तर भाड्याच्या कागदावर चालक म्हणून त्याचंच नाव असल्याने विमा लागू होतो. पण मग दावा नवऱ्याविरुद्ध करावा लागेल, पैसे विमा कंपनीने दिले तरी. दीर किंवा सासरे चालवत असतील, तर त्यांचं नाव कागदावर नाही, म्हणून विमा हात वर करणार, आणि जे मागायचं ते त्यांच्याकडूनच मागावं लागणार. बोटीतच काही खोट असेल, तर दावा बोट भाड्याने देणाऱ्यावर. पण तीन धडधाकट माणसांनी सही करून 'चूक आमची' म्हटल्यावर तो कशाला खोट मान्य करतो? आणि शेवटचा रस्ता म्हणजे बोटवाल्याच्या विमा कंपनीने पाठवलेल्या कागदावर सही करायची, ते देतात ते घ्यायचं आणि विषय कायमचा संपवायचा.

"कायमचा म्हणजे?"

"म्हणजे दुसरं ऑपरेशन झालं, तिसरं झालं, बोटं नाहीच वळली, तरी परत तोंड उघडायचं नाही. त्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. बोट कोण चालवत होतं, ह्याचं एकच उत्तर. तुमच्या सहीचं."

तिने वहीत पाहिलं. चार रस्ते होते आणि चारही एकाच प्रश्नापाशी येऊन थांबत होते. तो प्रश्न तिने तीनदा लिहिला होता.

"तुम्ही काम काय करता?" वकिलांनी निघताना विचारलं.

"रुग्णांच्या गाठी, पेशींचे तुकडे येतात तपासायला. ते मेणात बसवून त्यांचे काप काढायचे. केसाच्या वीस भागांतला एक भाग, एवढे पातळ. ते काप कोमट पाण्यावर तरंगतात. बारीक कुंचल्याने उचलून काचेवर घ्यायचे." तिने नकळत डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली. मग तिचं लक्ष उजव्या हाताकडे गेलं. कालच फिजिओथेरपीच्या बाईंनी मोजपट्टी लावून सांगितलं होतं: अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये अकरा मिलिमीटर. त्याहून जवळ ती येतच नव्हती. दुसरं ऑपरेशन झालं तर येतील कदाचित, वर्षभराने. तोवर प्रयोगशाळेने तिला नोंदवहीवर बसवलं होतं आणि तिच्या यंत्रावर दुसरीच बाई बसली होती.

* * *

घरी तिने नवऱ्याला सरळच विचारलं. तो शाळेत भूगोल शिकवतो. जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत बसला होता.

"खरं सांग. चाकावर तू होतास ना?"

"होतो म्हणजे काय! मीच होतो. माझंच चुकलं."

"मग भावजींनी त्यांचं नाव का सांगितलं?"

"अगं, मला वाचवायला. त्याचा स्वभाव तुला माहीत नाही का?"

"आणि तुझ्या अण्णांनी?"

"त्याला वाचवायला."

"आणि तू?"

त्याने लाल पेन खाली ठेवलं. "मी दोघांना," तो म्हणाला, आणि मग स्वतःच गोंधळल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे तू चालवत नव्हतास?"

"होतो गं! म्हणजे दिवसभर मीच चालवत होतो. अगदी शेवटी... शेवटी थोडं..." त्याने हवेत हात फिरवला. "मी जबाबदार होतो ना पण."

"जबाबदार कोण होतं ते नाही विचारत. चाकावर कोण होतं ते विचारतेय."

"दोन्ही एकच नाही का?"

प्रयोगशाळेत असं कोणी बोललं असतं, तर तिने त्याच्या हातातली काच काढून घेतली असती. इथे तिला तेही जमेना. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. रात्री उशी उजव्या हाताखाली घेऊन ती आडवी पडली आणि पुन्हा पुन्हा तोच क्षण चाळत राहिली. धक्का जवळ आला होता. शेजारी दोन बोटींची इंजिनं घरघरत होती, त्यामुळे आपलं चालू आहे की बंद ते कळत नव्हतं. तिने मागे न वळता विचारलं होतं, "इंजिन बंद केलं का?" मागून कोणीतरी म्हणालं होतं, "हो, हो, धर." आणि तिने खांब धरायला हात पुढे केला होता, तोच बोटीने पुढे उसळी घेतली आणि हात बोट आणि खांब यांच्यात चिरडला. ते 'धर' कोणाचं होतं? बाप आणि दोन्ही मुलगे, तिघांचा आवाज एका साच्यातला. फोनवर सासूबाईंचीसुद्धा फसगत होते. भावजी तिला 'धरा' म्हणाले असते, नवरा 'धर' म्हणाला असता, अण्णाही 'धर'. म्हणजे भावजी सुटले. पण ते 'धर' तिला उद्देशून होतं, की बापाने मुलाला काही पकडायला सांगितलं होतं? तिथे गाडी पुन्हा अडली.

* * *

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला तिने दिवाणखान्यात जेवणाच्या चार खुर्च्या मांडल्या. पुढे एक, मधे दोन, मागे एक. मधल्या उजव्या खुर्चीवर तिने सासूबाईंची परात उभी टेकवली. ते चाक. खुर्चीच्या हातावर सुतळीने एक लाटणं बांधलं. तो बोट पुढे-मागे नेणारा लिव्हर; मधे घेतला की बोट जागीच.

"हे काय चाललंय, वहिनी?" भावजी दारातच थबकले. फ्रिज दुरुस्तीच्या कामावरून ते थेट आले होते. खिशात टेस्टर, पान्हा, सगळी आयुधं. "नाटकाची तालीम?"

"बसा. त्या दिवशी धक्का आला तेव्हा जिथे होतात, तिथे बसा."

पुढच्या क्षणी परातीच्या खुर्चीपाशी चेंगराचेंगरी झाली. नवरा, दीर आणि गुडघेदुखीने कुरकुरणारे अण्णासुद्धा. भावजींनी बाजी मारली, तर अण्णा म्हणाले, "ऊठ रे, बापाचा मान राख."

"अण्णा," ती म्हणाली, "तिघंही एका खुर्चीवर बसला होता का?"

"तू असं कर, सूनबाई, माझं नाव लिहून टाक. माझं आता काय राहिलंय?"

"मला नाव नकोय. कोणाचं चुकलं तेही नकोय. मला फक्त एवढं सांगा, की त्या वेळी तुमचे दोन हात कुठे होते. हात. बाकी काही नाही."

हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. तपासनिसाने विचारलं होतं, चालवत कोण होतं, आणि ह्या घरात तसं विचारलं की त्याचा एकच अर्थ निघतो. हात कुठे होते, ह्यावर मात्र तिघं विचारात पडले.

"माझे हात..." अण्णांनी दोन्ही तळवे समोर धरून बघितले, जणू तिथे लिहून ठेवलं असावं. "माझा चष्मा पडला होता. मी बाकाखाली चाचपडत होतो. हो. ओणवा होतो मी. मला पाणी दिसलं नाही, फळी दिसत होती."

"म्हणजे तुम्ही चाकावर नव्हता."

"नव्हतो," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एवढुसा झाला, जणू त्यांच्याकडून काहीतरी हिसकावून घेतलं.

"तू?"

नवऱ्याने डोळे मिटले. "एका हातात आईची पिशवी. दुसऱ्या हातात... माझे बूट. मी उठलो होतो. धक्का आला म्हणून सामान गोळा करायला उठलो. लिव्हर मधे घेतला आणि उठलो." त्याने डोळे उघडले. "म्हणजे मी उठायलाच नको होतं. माझंच..."

"हात फक्त. आणि 'धर' कोण म्हणालं?"

"मी. धाकट्याला पिशवी धर म्हणत होतो बहुतेक. की तुला? मला खरंच आठवत नाही गं."

"भावजी?"

भावजी अजून परातीच्या खुर्चीवर बसले होते. "मी मागे होतो. दोरी गुंडाळत," ते हळूच म्हणाले.

ती खुर्च्यांच्या मधोमध उभी राहिली. एक ओणवा, एक पिशवी घेऊन उभा, एक मागे दोरीपाशी. सात आठवडे तिघं ज्या चाकासाठी भांडत होते, तिथे कोणीच नव्हतं. इंजिन चालू आणि चाक रिकामं. मग बोट पुढे उडी मारल्यासारखी गेलीच कशी?

"लिव्हर तू मधे घेतला होतास? नक्की?"

"अगदी नक्की. म्हणूनच तर इंजिनाचा आवाज कमी झाला."

"मग तो पुढे कसा गेला? तीन माणसांपैकी एकाचाही हात त्यावर नव्हता."

तिने लाटण्याला हात लावला. ते सुतळीत डुगडुगत होतं. भावजींची नजर त्या डुगडुगण्यावर खिळली होती.

"वहिनी," ते म्हणाले, "तो सैल होता."

"काय सैल होता?"

"लिव्हर. तुम्ही सगळे जाकिटं घालत होता, तेव्हा बोटवाला मला म्हणाला, हा मधे नीट बसत नाही, धक्क्यावर आलात की त्यावर हात ठेवून राहा. आणि इंजिन बंद करू नका, परत लवकर सुरू होत नाही, माझा माणूस येऊन ताब्यात घेईल." त्यांनी लाटण्याचं टोक धरून हलवलं. "मी बघितलं. खाली दोन स्क्रू सैल होते. माझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. आवळले. दिवसभर मस्त चाललं. मी म्हटलं, झालं काम. कोणाला सांगायचं राहूनच गेलं. म्हणजे राहिलं नाही. मला वाटलं, आता सांगण्यासारखं काही उरलंच नाही."

"आणि तपासनिसाला हे का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? तो गरीब बिचारा बोटवाला, त्याने तर सांगितलं होतं मला. त्याला कुठे गोवायचं? आणि मी आवळलं म्हणजे मीच... म्हणून म्हटलं, मी चालवत होतो म्हणून सांगू. त्याची काय ती शिक्षा होईल. दोन्हींतलं ते सोपं वाटलं."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात कधीपासून उभ्या होत्या. "नाही रे बाळा," त्या पुढे आल्या, "चूक माझी. मीच म्हटलं, सुट्टी आहे, जाऊन या..."

"आई, थांबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दिवाणखान्यातले सगळे जागच्या जागी थांबले. "तुमची नाही. अण्णांची नाही. भावजी, तुमचं चुकलं. तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं."

असं वाक्य त्या घरात ह्याआधी कोणी कोणाला उद्देशून उच्चारलं नसावं. सासूबाईंनी पदराने परात पुसायला घेतली, ती स्वच्छच होती. नवरा बूट घालायला लागला, कुठेही जायचं नव्हतं. अण्णा छताकडे बघत राहिले. आणि तिला स्वतःला, एवढं स्पष्ट बोलल्यावर आता मोकळं वाटेल असं वाटलं होतं, तर तसं काही झालं नाही. ह्याच भावजींनी इस्पितळात तीन रात्री तिच्या खाटेशेजारी खुर्चीत बसून काढल्या होत्या. राग आला होता, तोही खरा होता. दोन्ही एकाच वेळी खरं असेल तर नोंद कशी करायची, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

भावजींनी मात्र मान हलवली. "हो," ते म्हणाले. "माझं चुकलं." नेहमीचा 'च' त्यात नव्हता.

* * *

"व्वा," वकील गुरुवारी म्हणाले, आणि दुसऱ्याच क्षणी, "अरे देवा."

दोन्हींचा अर्थ त्यांनी समजावून सांगितला. बोटवाल्याला लिव्हर सैल असल्याचं माहीत होतं आणि तरी त्याने बोट भाड्याने दिली. वर इंजिन चालू ठेवायला सांगितलं. दावा उभा राहायला ह्याहून भक्कम पाया नाही. पण हे ऐकणारा साक्षीदार एकच. आणि तो साक्षीदार तोच, ज्याने परवानगी न घेता दुसऱ्याच्या बोटीचे स्क्रू आवळले, आणि इशारा स्वतःच्या खिशात ठेवला.

"म्हणजे अर्धंच सांगता येणार नाही?" नवऱ्याने विचारलं. त्याला बरोबर आणू नये असं तिला वाटलं होतं, पण तो आला होता.

"अर्धं सांगितलं तर समोरचा पहिलाच प्रश्न विचारेल: सैल आहे म्हटल्यावर तुम्ही काय केलंत? तेव्हा खोटं बोलला, तर सगळंच गेलं."

"स्क्रू आवळल्यामुळे लिव्हर सुटला," तिने विचारलं, "की न आवळता आधीच सुटला असता?"

"ते तुम्ही सांगा, शास्त्र शिकलेल्या तुम्ही."

तिने विचार केला. आवळला म्हणून दिवसभर टिकला असेल. किंवा वेडावाकडा आवळला म्हणून ऐन वेळी सुटला असेल. बोटवाल्याने एव्हाना तो बदललाही असेल. तोच प्रयोग पुन्हा करता येत नाही. "सांगता येत नाही," ती म्हणाली.

"मग कोर्ट वाटणी करेल. एवढी चूक बोटवाल्याची, एवढी तुमच्या दिरांची. दिरांचा जो वाटा ठरेल, तो तुम्हाला त्यांच्याकडूनच मागावा लागेल. किंवा नाही मागायचा, सोडून द्यायचा. ते तुमच्या हातात." वकिलांनी तिच्या पट्टीकडे बघितलं आणि शब्द मागे घ्यावासा वाटल्यासारखे खाकरले. "त्यांच्यावर दावा लावायचा की नाही, हे आजच ठरवायला नको. पण बोटवाल्याच्या विमा कंपनीला उत्तर उद्या द्यावं लागेल. आणि पहिले तीन जबाब खोटे होते, हे तिघांनी येऊन सांगावं लागेल. ओरडा बसेल. कदाचित जास्तच काही."

तिचा स्वतःचा जबाब तिने तिथेच लिहिला, डाव्या हाताने, अर्धा तास लावून. 'मी विचारले, इंजिन बंद केले का. मागून होकार आला. तो आवाज कोणाचा, हे मला ओळखता आले नाही. बोट कोण चालवत होते, हे मी पाहिले नाही.' वकिलांनी वाचून विचारलं, "शेवटचं वाक्य ठेवायचंच का? कमजोर वाटतं."

"मी पाहिलं नाही ना."

"ठेवा," वकील म्हणाले.

* * *

शुक्रवारी सकाळी विमा कंपनीच्या कार्यालयात तिघंही हजर होते, दाढ्या करून, इस्त्रीचे कपडे घालून. अण्णा सहा मिनिटांत बाहेर आले. "चष्म्याचं सांगितलं," ते म्हणाले. "त्या माणसाने विचारलं, आधी खोटं का बोललात? मी म्हटलं, सवय." नवरा वीस मिनिटांनी आला आणि सरळ पाणी प्यायला गेला.

भावजी आत गेले, त्याला पाऊण तास झाला. ती बाहेरच्या बाकावर बसून होती. समोरच्या काचेच्या दारातून त्यांची पाठ दिसत होती, आणि टेबलापलीकडचा तपासनीस, जो लिहीत होता, थांबत होता, परत लिहीत होता. एकदा भावजींनी हात उचलून स्क्रू आवळल्यासारखं मनगट फिरवलं. तपासनिसाने तसंच करून बघितलं. ती व्यायामाची वेळ होती म्हणून तिने पट्टी सोडवली आणि अंगठा तर्जनीकडे नेला. तो नेहमीच्या जागी थांबला. आपल्याला आत्ता नक्की काय व्हावंसं वाटतंय, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. दावा टिकावा. भावजींना काही होऊ नये. हात परत मिळावा. बोटवाल्याला जाब विचारला जावा. कोणालाही जाब विचारला जाऊ नये. हे सगळं ती मागत होती, आणि एकाला हो म्हटलं की दुसरं निसटत होतं.

दार उघडून भावजी बाहेर आले. शर्ट पाठीला चिकटला होता.

"विचारलं, चालवत कोण होतं," ते म्हणाले. "म्हटलं, कोणी नाही. त्याने ते दोनदा लिहून घेतलं. बोटवाल्याला बोलावणार आहेत. तो म्हणेल मी काही बोललोच नाही, असं तपासनीस म्हणाला. म्हटलं, म्हणू दे."

"बरं."

"आणि तो म्हणाला, तुमच्या वहिनी तुमच्यावरही दावा लावू शकतात, माहीत आहे ना? मी म्हटलं, माहीत आहे." ते थांबले. त्यांच्या तोंडावर नेहमीचं वाक्य येऊन उभं राहिलेलं तिला दिसलं: लावा वहिनी, खुशाल लावा, मला चालेल. ते त्यांनी गिळलं आणि त्याऐवजी विचारलं, "लावणार आहात का?"

"मी अजून ठरवलेलं नाही, भावजी."

त्यांनी मान डोलावली. ती पट्टी परत बांधू लागली, तर एका हाताने टोक सापडेना. भावजी बाकावर शेजारी बसले, टोक धरलं, आणि ती सांगेल तसे वेढे घेऊ लागले. "घट्ट नको," ती म्हणाली. "अजून जरा सैल. हां. एवढंच."